नळ सुटतो आणि डासांची अंडी फुटतात

सोलापुरात उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या. दुपारी ऊन आणि संध्याकाळी डास. उन्हाचं त्याला समजतं, डासांचं कोडं सुटत नाही. कोकणातून आलेला माझा मेहुणा अंगणात बाजेवर बसून पोटऱ्यांवर चापट्या मारत म्हणाला होता, "आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस, दारापुढं भाताची खाचरं. तिथं डास असले तर नवल नाही. तुमच्याकडे गवत उगवायची मारामार, मग हे एवढे डास येतात कुठून, भावोजी?"

बाजेपासून हौद चार पावलांवर होता. उत्तर त्यातच वळवळत होतं, पण तेव्हा ते मलाही दिसलं नव्हतं.

डास म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पाऊस, चिखल, गटार आणि झाडी येते. सोलापूरचं गणित वेगळं आहे. आपलं पिण्याचं पाणी येतं शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, आणि ते नळाला रोज येत नाही. कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड. त्यामुळं इथलं प्रत्येक घर म्हणजे एक छोटं धरणच. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत निळं बॅरल, स्वयंपाकघरात घागरी-कळश्या, आणि 'असू दे, लागेल' म्हणून भरून ठेवलेल्या दोन जादा बादल्या. पाऊस कमी म्हणून साठवण जास्त, आणि साठवण जास्त म्हणून डास जास्त. दुष्काळी गावातल्या डासांचं आपण उगाच आश्चर्य करतो. ते दुष्काळामुळंच आलेत.

हे नुसतं माझं डोकं नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात तो झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात अंडी घालायचा आणि कुठल्याही प्राण्याचं रक्त प्यायचा. मग त्याला माणसाचीच चटक का लागली? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून या डासाची अंडी गोळा करून ते डास माणसाच्या वासाकडे जातात की प्राण्याच्या, हे तपासलं गेलं. जिथला कोरडा हंगाम लांब आणि कडक, तिथल्या डासांना माणसाची ओढ जास्त, असं दिसलं. दाट शहरी वस्तीतही थोडाफार तोच कल होता. कारण सरळ आहे: कोरड्या दिवसांत साठवलेलं पाणी फक्त माणसाच्या दारात असतं. ज्याच्या घरी पाळणा, त्याच्याच घरी जेवण.

अंगणात आपल्याला छळणारे डास एकाच जातीचे नसतात, आणि इथंच बहुतेकांचे उपाय फसतात. दिवसा, शाळेच्या वेळेला आणि पुन्हा दिवेलागणीच्या आधी, गुपचूप येऊन घोट्याला चावतो तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. रात्री कानाशी गुणगुण करून झोपमोड करतो तो क्युलेक्स, मातकट रंगाचा. त्याला घाण पाणी प्रिय: तुंबलेलं गटार, संडासची टाकी, मोरीचं सांडपाणी. हत्तीरोग पसरवणारा तोच, आणि सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या जुन्या पट्ट्यात मोडतो. आरोग्य खात्याची माणसं रात्री उशिरा दारात येऊन बोट टोचून रक्त का नेतात, असं लहानपणी मला वाटायचं. त्या रोगाचे सूक्ष्म जंत दिवसा शरीरात खोलवर असतात आणि मध्यरात्रीच्या आसपास कातडीजवळच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स चावतो तेव्हाच नेमके. तिसरा ॲनोफिलीस, मलेरियावाला. शहरात त्याची जी जात आहे तिला गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी आणि विहीर आवडते.

चावते ती फक्त मादी. नर बिचारा फुलापानांच्या रसावर जगतो. मादीला रक्त पोटासाठी लागत नाही, अंड्यांसाठी लागतं. म्हणजे अंगावर बसलेली प्रत्येक डासीण दोन-तीन दिवसांत कुठंतरी पाणी शोधायला निघणार आहे. ते पाणी सापडू द्यायचं नाही, एवढीच खरी लढाई. बाकी धूर, फवारे, बॅट हे सगळं ती हरल्यानंतरचं.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक प्रयोग करा. मी मुलासोबत केला आणि त्यानंतर आमच्या घराची पाण्याची रीतच बदलली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्यायची, हौदातलं पाणी कडेकडेनं अलगद तिच्यात घ्यायचं, तोंडावर ओढणीचा तुकडा रबरानं घट्ट बांधायचा आणि बरणी सावलीत ठेवून द्यायची. यात काही नवीन नाही. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, तेव्हा त्यांचे डासही असेच अळ्यांपासून वाढवलेले होते. हे घडलं सिकंदराबादेत, आपल्यापासून रेल्वेच्या एका रात्रीवर. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला ते डास चावू दिले गेले, आणि दर डासामागं त्याला एक आणा मिळाला. आज आपण तीच सेवा फुकट देतो.

बरणीत पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग उजेडासमोर धरली की बारीक दोऱ्याचे तुकडे हलताना दिसतात. या अळ्या. बरणीवर टिचकी मारली किंवा हाताची सावली पाडली की सगळ्या एकदम वेडीवाकडी वळवळ करत तळाला जातात, आणि थोड्या वेळानं एकेक करून वर येतात. वर यावंच लागतं, कारण पाण्यात राहून त्या श्वास हवेचाच घेतात. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या शेपटीकडची नळी पाण्याच्या वरच्या थराला लावून डोकं खाली करून लटकतात. ॲनोफिलीसच्या अळीला ती नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, काडी तरंगावी तशी आडवी पडून असते. तेवढ्यावरून घरी बसल्या ओळखता येतं. चार वेळा कात टाकली की अळीचा कोष होतो. तो दिसतो स्वल्पविरामासारखा. कोष काही खात नाही, पण हलतो मात्र चपळ. दोन दिवसांत त्याची पाठ उकलते आणि आतून डास बाहेर येऊन आपल्याच रिकाम्या टरफलावर, होडीवर उभं राहावं तसा, पंख वाळवत उभा राहतो. आमच्या बरणीत हे सकाळी चहाच्या वेळेला झालं. मुलगा ओरडला, "बाबा, हा आत्ता जन्मला!" सातव्या दिवशी ओढणीच्या आत अकरा डास होते. एका बरणीत. हौदात किती होत असतील, याचा हिशोब मी त्या दिवशी केला नाही.

आता खरी गोम. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, हौदाच्या ओलसर भिंतीला चिकटवते. एकेक सुटं, खसखशीहून बारीक, काळं. पहिल्या दोनेक दिवसांत आतला जीव तयार होतो. पण अंडं लगेच फुटत नाही, वाट बघतं. पाणी वर चढून त्याला बुडवेल तेव्हाच ते फुटतं. पाणी नाही आलं तर तसंच कोरडं राहतं, महिनोन् महिने. हौद उन्हाळाभर रिकामा पडला, आतून खडखडीत वाळला, तरी भिंतीवरची बरीचशी अंडी जिवंत असतात.

या गोष्टीला सोलापूरच्या पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. नळाला पाणी येतं, हौद काठोकाठ भरतो. चार दिवस आपण वापरतो, पाण्याची पातळी वीतभर, दोन वीत खाली जाते आणि वरची भिंत ओलसर राहते. डासिणीला अगदी हवी तशी. ती अंडी चिकटवते. पाचव्या दिवशी पहाटे नळ सुटतो, मोटारीचा आवाज येतो, आपण झोपेतून धावत जाऊन आहे त्या पाण्यावरच नवं पाणी सोडतो. पातळी चढते, अंडी बुडतात आणि तासाभरात फुटू लागतात. आपण वाट पाहतो त्याच पाण्याची तीही वाट पाहत असतात.

गरम दिवसांत अंड्यातून निघालेल्या अळीला उडता डास व्हायला साधारण सात-आठ दिवस पुरतात. थंडीत जास्त लागतात, पण आपली थंडी ती केवढी. म्हणजे पुढचं पाणी येईपर्यंत अळ्या अजून पाण्यातच असतात. ओतल्या की संपल्या. पण आपण ओतत नाही, पुन्हा वरून भरतो, आणि त्याच्या पुढच्या पाण्यापर्यंत त्या उडून गेलेल्या असतात. सरकारी भिंतींवर 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असं लिहिलेलं असतं ते यासाठी. मला मात्र वाटतं की सोलापुरात वार बघायची गरजच नाही. आपला कोरडा दिवस आधीच ठरलेला आहे: पाणी यायच्या आदली संध्याकाळ. तेव्हाच हौद सर्वांत रिकामा असतो. एक पाळी चुकवली तर चालेल का? दर चार दिवसांनी पाणी येत असेल तर दुसऱ्या पाळीपर्यंत आठ दिवस होतात, आणि मे महिन्यात आठ दिवस त्यांना भरपूर झाले. तेव्हा शक्यतो चुकवू नये.

'पाण्यासाठी जीव जातो इथं आणि तू ओतून दे म्हणतोस' असं आमची आई म्हणाली होती. तिचं चूक नाही. ओतायचं नाहीच. तळातलं उरलेलं पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून बादलीत गाळायचं. ते संडासला, झाडांना, अंगणात सडा टाकायला चालतं. फडक्यावर अडकलेल्या अळ्या तापलेल्या फरशीवर झटकल्या की मिनिटांत वाळतात. गटारात मात्र झटकू नयेत, तिथं पाणी असेल तर त्या जगू शकतात.

आणि मग घासायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि म्हणूनच 'आम्ही हौद रिकामा करतो तरी डास आहेतच' असं म्हणतात. रिकामा करून अळ्या जातात, अंडी भिंतीवर तशीच राहतात. काथ्या किंवा ताठ ब्रश घेऊन पाण्याची नेहमीची रेष जिथं असते त्याच्या जरा वरपासून खाली नीट घासायचं, सगळ्या बाजूंनी. सिमेंटची भिंत खरखरीत असते, अंडी खळग्यांत बसतात, तेव्हा हात जरा दाबून. घासल्यावर निघालेलं पाणी आतच ठेवलं तर सुटलेली अंडी नव्या पाण्यात फुटतील, म्हणून ते मगानं, फडक्यानं टिपून बाहेर काढायचं. माझा वेळ धरून सांगतो, आमच्या हौदाला पंचवीस मिनिटं लागतात. कमरेला जास्त लागतं.

झाकणाबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं आहे, आणि ते अभिमानाचं नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी मुलाला डेंग्यू झाला. मी सगळ्यांना दोष देऊन मोकळा झालो होतो. गल्लीच्या टोकाचं गटार, शेजारच्या कारखान्यामागचा भंगाराचा ढीग, शेवटी सिद्धेश्वर तलावसुद्धा. मग आशाताई आल्या, हातात टॉर्च. हौद बघितला, पाणी स्वच्छ होतं. मी जरा ताठ झालो. त्यांनी टॉर्च हौदातून काढून झाकणावर मारला. आमचं झाकण पत्र्याचं, मधे दबून खोलगट झालेलं. त्या खळग्यात पावसाचं तांब्याभर पाणी, त्यात वाळकी पानं, आणि पानांमधे शे-दोनशे अळ्या. डास आत जाऊ नयेत म्हणून ठेवलेल्या झाकणावरच त्यांचा बालवर्ग भरला होता. ताई काही बोलल्या नाहीत. झाकण उलटं केलं, वहीत एक खूण केली आणि शेजारच्या घरी गेल्या.

तेव्हा झाकण असावं ते फुगीर किंवा उतरतं, आणि कडेला फट न ठेवणारं. फट असलेलं झाकण नसण्यापेक्षा वाईट, कारण एडिसला अंधारी, सावलीची जागा आवडते. पत्र्याच्या झाकणाऐवजी बॅरलला सुती कापड बांधलं तर ते ढोलकीसारखं ताणलेलं हवं. मधे लोंबून पाण्याला टेकलं की ओल्या कापडावरही अंडी घातली जातात.

तलावाचं थोडं बोलायला हवं, कारण तो फुकट शिव्या खातो. मोठ्या, उघड्या तलावावर वारा असतो, लाटा असतात, मासे असतात. अळीला श्वासासाठी स्थिर पाणी लागतं. तलावाच्या कडेला वनस्पती माजली असेल तर तिथं काही डास होतात, पण एडिस तिथला नाही. आणि एडिस लांब उडतही नाही. जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरच्या आत त्याचं आयुष्य जातं. सकाळी मुलाच्या घोट्याला चावलेला पट्टेरी डास आपल्या नाहीतर चार घरं सोडून कुणाच्या तरी दारात जन्मलेला असतो. क्युलेक्सचं तसं नाही, तो किलोमीटरभर लांबून येऊ शकतो.

हौद आवरला की घरात-अंगणात एक फेरी मारावी, टॉर्च घेऊन, दिवसासुद्धा. कुठं बघायचं ते घरागणिक बदलतं. आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हेगार निघाला कूलर. मेपर्यंत तो रोज चालतो, जूनमध्ये पहिली सर आली की बंद होऊन कोपऱ्यात जातो आणि तळातलं पाणी तसंच राहतं. कूलर आवरताना नुसतं पाणी काढून भागत नाही, टाकी घासून, वाळवून ठेवावी लागते, नाहीतर भिंतीवरची अंडी पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत बसतात. त्याखालोखाल फ्रिजच्या पाठीमागची पाणी जमायची ताटली. ती असते हेच अनेकांना माहीत नसतं. मग कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लांटची बाटली, मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायाखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या. वाट्यांत चमचाभर मीठ टाकलं की प्रश्न मिटतो. गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेलं पाणी बंद करू नका, फक्त रोज ओतून, बोटानं घासून नवं भरा. टायर असेल तर देऊन टाका. टायर कशाला ठेवतात हे मला आजवर कळलेलं नाही.

रात्रीच्या डासांसाठी वेगळीकडं बघावं लागतं. क्युलेक्सची मादी अंडी पाण्यावरच घालते, शे-दोनशे एकमेकांना चिकटवून, काळ्या तराफ्यासारखी. तिची आवडती जागा म्हणजे संडासची टाकी. टाकी बंद आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तिला हवा जायला जो उभा पाईप असतो त्याचं वरचं तोंड उघडं असतं. डास तिथून आत जातात, तिथूनच झुंडीनं बाहेर येतात. पाईपच्या तोंडावर बारीक नायलॉनची जाळी तारेनं आवळून बांधणं, हा दहा-वीस रुपयांचा उपाय मला इतर सगळ्या महागड्या उपायांपेक्षा मोलाचा वाटतो. टाकीवरच्या फरशांच्या फटी सिमेंटनं बुजवाव्यात. जाळी उन्हानं कडक होऊन फाटते, म्हणून दर उन्हाळ्यानंतर वर चढून बघावी. बंद खड्ड्यांत थर्माकोलचे बारीक मणी ओतण्याची एक युक्तीही आहे. पाण्यावर त्यांचा जाड थर बसतो, अळीला नळी वर काढता येत नाही आणि मादीला पाणीच सापडत नाही. झांझिबारमध्ये आणि तमिळनाडूत हे करून पाहिलंय, गुण आला. उघड्या गटारात मात्र नको, मणी वाहून जातात आणि पुढं तुंबतात.

जिथलं पाणी काढताच येत नाही तिथं गप्पी मासे. विहीर, दगडी कुंड, जनावरांच्या पाण्याची मोठी टाकी, बांधकामाचा खड्डा. गप्पी अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देतो, म्हणून त्याची वाढ आपोआप होते. आरोग्य केंद्रातून विचारलं की मिळतात. क्लोरीनच्या ताज्या पाण्यात सोडले तर मरतात, एक दिवस पाणी थांबू द्यावं. दर चार दिवसांनी घासायच्या हौदात मासे पाळण्यात अर्थ नाही. आणि हे मासे आपल्याकडचे नव्हेत, दक्षिण अमेरिकेतले. ओढ्यात, तलावात हौसेनं सोडू नयेत, तिथले स्थानिक छोटे मासे अळ्या खातातच.

औषधांपैकी आरोग्य कर्मचारी हौदात टाकतात ते टेमेफॉस, आपल्याकडं 'अबेट' म्हणून ओळखलं जाणारं. योग्य प्रमाणात ते साठवणीच्या पाण्याला चालतं, पण प्रमाण त्यांनाच ठरवू द्यावं. दुसरं एक आहे, बीटीआय. हा खरं तर मातीतला जीवाणू, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. अळीनं तो खाल्ला की तिच्या आतड्यात त्याचं विष उलगडतं आणि ती मरते. माणसाला, माशाला, चिमणीला त्याचा त्रास नाही. पण लक्षात घ्या, खाल्ला तरच. कोष काही खात नाही, म्हणून कोष झालेल्या पाण्यात तो टाकून उपयोग नाही. जळकं ऑइल गटारात ओतणारेही आहेत. अळ्या मरतात खऱ्या, पण ते तेल जमिनीत मुरतं आणि आपली बोअर काही फार लांब नसते.

धुराची गाडी गल्लीत आली की सगळ्यांना बरं वाटतं, पोरं मागं पळतात. तिचं काम मर्यादित आहे. धूर त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासांना मारतो. अळ्यांना काही होत नाही, आणि एडिस तर घरात पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागं बसलेला असतो. गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे त्याचीच सोय. भर दुपारी तर तापलेल्या हवेबरोबर धूर वर निघून जातो. साथ चालू असताना रोगी डास पटकन कमी करायला गाडी हवीच. रोजच्या डासांवर ती इलाज नाही.

बाजारातल्या वस्तूंवर मी बराच पैसा घालवलाय, म्हणून थोडक्यात. निळ्या दिव्याचं चटचट करणारं यंत्र अंगणात लावलं की छान वाटतं, पण त्यात डास फारसे मरतच नाहीत. अमेरिकेत डेलावेर विद्यापीठाच्या लोकांनी १९९६ मध्ये अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले. १३,७८९ किड्यांत चावणारे फक्त ३१. बाकी सगळे निरुपद्रवी, उलट काही उपयोगी. मोबाइलमधून ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणारी ॲप म्हणजे शुद्ध थाप. तुळस, गवती चहा लावा, चहासाठी लावा. नुसतं झाड उभं असल्यानं डास फिरकत नाहीत असं होत नाही. कॉइलनं डास दूर राहतात, पण २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघाले होते. बंद खोलीत लेकरांजवळ ती लावणं मी सोडलं.

त्यापेक्षा संध्याकाळी अंगणात बसताना टेबल फॅन लावा. डास फार कमजोर उडतो, ताशी दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्याहूनही हळू. पंख्याच्या वाऱ्यात त्याला टिकता येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा जो माग काढत तो येतो तोही विस्कटतो. फॅनचं तोंड पायांकडं. गच्चीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणीशिवाय तरणोपाय नाही. सोलापुरी चादरीतून डास चावू शकत नाही हे मी अनुभवानं सांगतो, पण मे महिन्यात ती अंगावर घेऊन दाखवा. सकाळी शाळेला जाणाऱ्या पोरांच्या उघड्या पायांना मात्र डास पळवणारं मलम लावायला विसरू नका. एडिसची वेळ तीच आहे.

आणि साथीच्या दिवसांत ताप आला, डोळ्यांमागं दुखू लागलं, अंग मोडून आलं, तर मेडिकलमधून दुखण्याची कुठलीही गोळी आणून खाऊ नका. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि डॉक्टरकडं जाऊन रक्ताची तपासणी. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जपायचे, धोका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, नाका-हिरड्यांतून रक्त आलं तर दवाखान्यात न्यायला सकाळची वाट बघू नये. रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावं. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी शेजाऱ्याला डेंग्यू देऊ शकतो.

मी हौद घासायला लागलो तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या अक्कांनी डोकावून विचारलं, "काय करूलालाव ओ सकाळी सकाळी? पाणी तर उद्या हाय की." मी त्यांना बोलावून भिंतीवरचे काळे ठिपके दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, बोटानं खरवडून बघितलं, म्हणाल्या, "हे तर आमच्या बॅरलला बी हायेत. मला वाटलं शेवाळ." आता पाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून बॅरल आडवं केल्याचा आवाज येतो, आणि आमचं विसरलं की त्याच हाक मारतात. पलीकडच्या दोन घरांत अजून पटलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक अर्धवट बांधकाम आहे. मालक पुण्याला असतो, आणि लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी कायम. ते उपसायला पंप लागेल, तो आणणार कोण. गणपतीच्या आधी आम्ही चौघांनी वर्गणी न काढता एक काम केलं: आरोग्य केंद्रातून प्लास्टिकच्या पिशवीत पन्नासेक गप्पी आणून त्यात सोडले. त्यानंतर पोरांचा तो अड्डाच झालाय. खड्ड्याच्या काठाला पालथं पडून खाली बघत बसतात, म्हणून कठड्याला दोन फळ्या ठोकाव्या लागल्या. परवा संध्याकाळी मी तिथून जात होतो तर माझा मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "टिचकी मारू नको बे, अळ्या खाली जात्यात. गप बस, मासे आत्ता खाऊलालेत."